हळदीच्या पाउचवरच्या रंगाबद्दल ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही माझ्या दुकानाला दोन स्टार देऊन लिहिलंय, "मोबाइलवर चित्र झकास होतं. पाउच छापून आले तर हळद केशरी, पानं मळकट. गिऱ्हाईक विचारतंय, यात रंग घातलाय का? एआयला हळद कळत नाही."

गिऱ्हाइकाचा तो प्रश्न वाचून मला रात्री झोप लागली नाही. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून भेसळ करणारे लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी पिवळा रंग, घालतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तुमच्या बचत गटाच्या चोख मालावर माझ्या चित्रामुळे संशय आला. सांगलीत दुकान चालवणाऱ्याला हे आधी सुचायला हवं होतं. मनापासून माफी मागतो.

चित्र स्टेबल डिफ्यूजन एक्सएल या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलवर केलं होतं. पहिले रंग फिके आले, म्हणून रंग उठावदार करणारा लोरा जोडला. लोरा म्हणजे मोठ्या मॉडेलला जोडायची छोटी फाइल. तिचा जोर वेटच्या आकड्यावर ठरतो. 0 ठेवलं की काहीच परिणाम नाही, 1 ठेवलं की पूर्ण, आणि रंगाच्या काही लोरांना उणे आकडा दिला की रंग उतरतात. तुमच्या चित्राला मी 1.2 दिला. हळद कुठली आणि पितळी परात कुठली, याचा त्या फाइलला काय पत्ता? पिवळं दिसेल ते सगळं तिने केशरीकडे ओढलं.

रंग जास्त झालाय असं मला पाठवतानाच वाटलं होतं. तरी कमी केला नाही, कारण लोरा तयार चित्रावर फिल्टरसारखा बसत नाही, चित्र घडत असतानाच तो काम करतो. सीड, म्हणजे चित्र ज्या आकड्यापासून सुरू होतं तो, तोच ठेवून वेट 0.5 वर आणला तरी रंगासोबत पदराच्या चुण्या, परातीची कड, हाताची बोटंही थोडी बदलतात. तुम्ही ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पसंत केलं होतं, म्हणून मी हात लावला नाही. एक फोन करून विचारायला हवं होतं.

पानं मळली ती छपाईत. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, छपाई चार शाईंतून. इतका भडक हिरवा त्या शाईंत उतरत नाही, तो दबतो. पाउचच्याच मटेरियलवर एक प्रूफ, म्हणजे नमुन्याची छपाई, काढलं असतं तर तिथेच दिसलं असतं. घाईत ते राहिलं.

"एआयला हळद कळत नाही" हे खरं, पण दोष एआयवर ढकलणं मला पटत नाही. तुम्ही दुपारच्या उन्हात काढलेला पुडीचा फोटो मला पाठवला होता. चित्राचा रंग त्याच्याशी ताडून बघणं माझं काम होतं.

आता हळद तुमच्याच फोटोतली घेतो. विकायची वस्तू खरीच दिसावी, असं माझं ठाम मत झालंय. एआयचं फक्त मागचं शेत राहील, लोरा 0.4 वर. पाचशे पाउच पुन्हा माझ्या खर्चाने छापून देतो, आधीचे परत आणून द्या.

बुधवारी दुपारी जमेल का? येताना वाटीभर पूड आणि दोन-चार हळकुंडं आणा. दुकानाबाहेर उन्हात प्रूफ शेजारी ठेवून बघू. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच छपाईला देईन.