येऊ दे, येऊ दे

मला ट्रक शिकवायला सहा आठवडे उस्ताद माझ्या बाजूच्या सीटवर बसले आणि त्या सहा आठवड्यांत मिळून फार तर सहा वाक्यं बोलले असतील. बाकी सगळा कारभार 'हं'वर. हं तीन प्रकारचे. लांबट 'हंऽऽ' म्हणजे चाललंय ते चालू दे. तुटक 'हं!' म्हणजे ब्रेक. आणि तिसरा नाकातून सोडलेला, खिडकीबाहेर बघत काढलेला. त्याचा अर्थ मला शेवटपर्यंत लागला नाही. पण तो ऐकला की मी घाबरून काहीतरी बदलायचो, आणि बहुतेक वेळा तेच बदलायला हवं असायचं.

सातव्या आठवड्यात किल्ली माझ्या हातात पडली. उस्तादांनी पिशवी उचलली, खाली उतरले, चाकाला अडसर म्हणून लावायचा लाकडाचा काळाकुट्ट ठोकळा माझ्या हवाली केला आणि म्हणाले, "आरसे पुसत जा. ठोकळा विसरू नको." तीस वर्षांच्या अनुभवाची एवढीच वाटणी माझ्या वाट्याला आली.

आधीच सांगून टाकतो, ट्रक चालवणं अवघड नाही. ट्रक पुढे जातो, तो मुळात त्यासाठीच केलेला आहे. अवघड आहे ते बाकीचं. थांबणं, वळणं, मागे जाणं, आणि हे सगळं करताना खाली उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यांकडे न बघणं.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आधीच मी गाडीभोवती प्रदक्षिणा सुरू केल्या. दिवे पाहिले, नळ्या पाहिल्या, माल बांधलेले पट्टे ओढून पाहिले. मग लोखंडी पाना घेऊन टायर ठोकायला लागलो. हवा नीट असलेला टायर टणक वाजतो, उतरलेला भद्द वाजतो. आमची गाडी २२ चाकी, पुढे ट्रक आणि मागे जोडलेला लांबलचक ट्रेलर. एकवीस टायर टणक वाजले आणि बाविसावा भद्द. पोटात गोळा आला. पुन्हा ठोकला, पुन्हा भद्द. बॅटरी आणून प्रकाश टाकला तेव्हा दिसलं की मी चाकामागे लोंबणाऱ्या, चिखल अडवायच्या रबरी पडद्याला ठोकतोय. आजूबाजूला कोणी नव्हतं. तरीही मी पडद्याकडे गंभीरपणे पाहून मान डोलावली, जणू तोही तपासायचाच होता.

मग केबिनमध्ये चढून किल्ली फिरवली आणि बझर किंचाळायला लागला. काही मोडलं नव्हतं. रात्रभरात टाक्यांमधली हवा थोडीथोडी निसटते आणि प्रेशर कमी असलं की तो ओरडतो, हे मला पाठ होतं. हवेच्या ब्रेकबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं हवा संपली की ब्रेक गेला. चालत्या गाडीत पायाखालचा ब्रेक हवेनेच लागतो हे खरं. पण उभ्या गाडीला धरून ठेवते ती आतली जाडजूड स्प्रिंग. हवा भरली की ती स्प्रिंगला मागे रेटते आणि मगच चाकं मोकळी होतात. म्हणजे हवा पार गेली तर गाडी उधळत नाही, जागच्या जागी बसकण मारते. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला माझा रोज पहाटेचा नमस्कार.

तर हवा भरायची वाट पाहत बसलो. काटा चढतोय, बझर कोकलतोय आणि सुपरवायझर खिडकीखाली हाताची घडी घालून उभे. शेवटी बझर गप्प झाला, काटा ८ बारच्या आसपास पोचला. मी ब्रेक सोडला, फुस्स आवाज आला, गिअर टाकला, क्लच सोडायला लागलो. गाडी गुरगुरली आणि हललीच नाही. अजून थोडं अॅक्सिलरेटर दिलं. मागचा भाग जरासा उचलल्यासारखा झाला आणि पुन्हा बसला. ब्रेक नीट सुटला नसेल? क्लच गेला असेल? मी घाम पुसतोय तोवर सुपरवायझर शांतपणे मागे गेले, वाकले आणि काळाकुट्ट ठोकळा हातात घेऊन माझ्या खिडकीशी आले. बोलले काहीच नाहीत. उस्तादांचेच चुलतभाऊ शोभले असते.

रस्त्याला लागल्यावर गिअरांनी छळ मांडला. गिअर नऊ, पण दांडा सरकवायच्या जागा तेवढ्या नाहीत. पहिला आणि पाचवा एकाच खोलीत राहतात, पाळीपाळीने. सध्या कोणाची पाळी, हे दांड्यावरचं बोटाएवढं बटण ठरवतं. चौथ्यातून पाचव्यात जाताना बटण वर करायला विसरलं की आपण थेट पहिल्याच्या दारात जाऊन धक्के मारत असतो. दात-ओठ खाणं हा वाक्प्रचार गिअरबॉक्सवरूनच निघाला असावा. ओठ तेवढे माझे होते.

वळणांची तऱ्हा निराळी. ट्रेलरची मागची चाकं पुढच्यांच्या पावलावर पाऊल ठेवून येत नाहीत, कोपरा खात येतात. म्हणून वळायचं त्याच्या उलट बाजूला आधी थोडं सरकायचं, पुढे जायचं आणि मग वळायचं. मागच्यांना मात्र वाटतं, याने विचार बदलला. नेमकी तेवढ्यात ती मोकळी झालेली जागा बघून एक स्कूटरवाला आत घुसतो. मी दिवा लावलेला असतो, तो बघत नाही. तो मला दिसतो, मग दिसेनासा होतो, आणि हे दिसेनासं होणं फार वाईट. केबिनच्या बाजूला आणि नाकासमोर अशा जागा आहेत, जिथे अख्खी मोटार उभी असली तरी मला तिचं टपही दिसत नाही. अशा वेळी मी थांबतो. सगळे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. स्कूटरवाला दुसऱ्या बाजूने प्रकट होईपर्यंत मी देवाचं नाव घेतो, त्याचं नाव माहीत नसतं म्हणून.

या सगळ्यात माझी मान सारखी बाजूच्या सीटकडे वळायची. काही जरा चुकलं की तिकडे बघायचं, अशी सहा आठवड्यांची सवय. तिथे कोणी नाही हे दर वेळी नव्याने कळायचं. दुसऱ्या दिवशी मी तिथे माझी पिशवी ठेवली. आठवड्याच्या शेवटी पिशवीशी बोलायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात पिशवीच्या वतीने 'हं'सुद्धा मीच म्हणायला लागलो, पण त्यात तो दरारा येईना.

मोबाइलमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईची मदत होती म्हणा. तिचा आवाज गोड, आत्मविश्वास अफाट, पण तिच्या लेखी मी एक छोटी मोटार. तिने मला एका रेल्वे पुलाखाली नेलं. पाटीवर लिहिलेलं, उंची ४.२ मीटर. माझ्या कागदांवर गाडीची उंची ४ मीटर. फरक वीस सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. हिशेब सरळ होता, पण पाटी लावल्यानंतर रस्त्यावर डांबराचे किती थर चढले, हे पाटीला कोण सांगणार? मी उतरलो, पुलाकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं, चढलो. पुन्हा उतरलो. मागे रांग लागली. एक गृहस्थ गाडीतून उतरून माझ्या शेजारी उभे राहिले, त्यांनीही वर बघितलं आणि "जाईल" म्हणाले. ट्रेलर त्यांचा नव्हता, त्यामुळे त्यांना खात्री होती. मी मुंगीच्या पावलांनी गाडी आत घातली आणि पुलाखालून जाताना मान खाली घातली. खांदेही आवळले. जणू मी वाकलो की मागचे सोळा मीटर आपोआप वाकतील. गाडी गेली. मान दोन दिवस दुखत होती.

उताराबद्दल जास्त सांगत नाही, कारण तिथे मी विनोद करत नाही. ज्या गिअरात चढ चढशील त्याच गिअरात उतर, हे उस्तादांच्या सहा वाक्यांपैकी एक. लादलेली गाडी ४० टनांच्या घरात जाते. नुसत्या ब्रेकवर तिला लांब उतारावरून धरून आणायला गेलं तर ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. वेग दुप्पट झाला की अंगातली ऊर्जा चौपट होते, हे शाळेत फळ्यावर होतं. तेव्हा ते पाच मार्कांचं होतं आणि मी ते ऑप्शनला टाकलं होतं. आता इंजिनाच्या जोरावर ताशी वीसने खाली येतो, मागे अख्खी वरात तुंबलेली असते आणि त्यांचे हॉर्न मला आशीर्वादासारखे वाटतात.

आता रिव्हर्स.

रिव्हर्समध्ये स्टेअरिंग एकीकडे फिरवलं की ट्रेलर दुसरीकडे जातो. हे कळायला एक मिनिट लागतं आणि हातांना पटायला काही महिने. उस्तादांची युक्ती अशी: हात स्टेअरिंगच्या वरच्या बाजूला न धरता तळाशी धरायचा, आणि ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. युक्ती शंभर टक्के खरी. फक्त हात किती न्यायचा आणि परत कधी आणायचा, हे त्यात नाही. ट्रेलर आधी वळतच नाही, मग थोडा वळतो, आणि मग एकदम त्याला वळण्याची इतकी गोडी लागते की ट्रक आणि ट्रेलर काटकोनात दुमडून, तोंड फिरवून बसलेल्या नवराबायकोसारखे उभे राहतात. मग पुढे जायचं, सरळ व्हायचं, पुन्हा पहिल्यापासून.

हे एकांतात करायला मिळालं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण रिव्हर्सचा टी-टी आवाज म्हणजे आमंत्रण. दुसऱ्या आठवड्यात एका मोठ्या गोदामाच्या आवारात मी तो आवाज सुरू केला आणि दोन मिनिटांत पाच माणसं जमली. एक जण दोन्ही हातांनी "येऊ दे, येऊ दे" करत होता. दुसरा "काप, काप, अजून काप!" तिसरा त्याच वेळी "सोड, सोड, सरळ कर!" चौथा शिट्टी वाजवत होता, एवढंच. पाचवा अशा जागी उभा होता की मला आरशात त्याचा फक्त हात दिसत होता. तो हात एकदम वर गेला आणि मी करकचून ब्रेक मारला. जरा वेळाने हात दुसऱ्या बाजूला हलला, मग स्वतःच्याच कपाळावर गेला. तो फोनवर कोणाला तरी काहीतरी समजावत होता.

"येऊ दे" म्हणणाऱ्या माणसाबद्दल माझं एक निरीक्षण आहे. तो "थांब" कधीच म्हणत नाही. तो "बस्स" म्हणतो, आणि तेही आवाज झाल्यावर. त्यामुळे पाच-सहा वेळा पुढे-मागे झाल्यावर मी ठरवलं की आपलं आपण बघायचं. गाडी थांबवायची, उतरायचं, मागे चालत जायचं, किती जागा आहे ते डोळ्यांनी बघायचं, चढायचं, हातभर मागे घ्यायची, पुन्हा उतरायचं. या प्रकारात गाडीपेक्षा मीच जास्त किलोमीटर चाललो. पण अकराव्या खेपेला ट्रेलर अगदी दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध, सरळ रेषेत, फलाटाच्या रबरी गाद्यांना हलकेच टेकला. नवजात बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. मी इंजिन बंद केलं. काही क्षण तसाच बसून राहिलो. मग हातमोजे काढत, जरा रुबाबातच खाली उतरलो.

पाचही जण गप्प उभे होते. मला वाटलं कौतुकाने.

फोर्कलिफ्टवाल्याने आतून डोकं काढलं. "अहो ड्रायव्हर, दारं?"

ट्रेलरची मागची दारं बाहेर उघडतात. म्हणून फलाटाला लावायच्या आधी ती उघडून बाजूला अडकवायची असतात. माझी दारं फलाटाला टेकून घट्ट बंद होती. इतकी छान टेकली होती की मध्ये पोस्टकार्ड गेलं नसतं.

मी पुन्हा चढलो. गाडी पुढे घेतली, दारं उघडली, अडकवली. टी-टी सुरू झालं. "येऊ दे, येऊ दे" सुरू झालं. या वेळी चार खेपांत जमलं, पण रुबाब आटला होता. आणि मग इतक्या घाईने आणलेला तो माल उतरायला सुरुवात व्हायला सहा तास लागले. घाई सगळ्यांना गाडी पोचेपर्यंतच असते.

त्या संध्याकाळी उस्तादांना फोन लावला. सगळं सांगितलं, पडदा, पूल, गिअर, पाच माणसं. दारांचं सांगताना आवाज जरा बारीक केला. "पण उस्ताद, एकदाही कुठे घासली नाही. एक ओरखडा नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आला. नाकातून, खिडकीबाहेर बघत काढलेला असावा असा, तिसरा.

"हं."

माझा हात आपोआप काहीतरी बदलायला पुढे गेला. पण गाडी निघायच्या तयारीत नुसती उभी होती, हवा भरलेली होती, गिअर न्यूट्रलला, आरसे सकाळीच पुसलेले. बदलण्यासारखं काही दिसेना.

"उस्ताद, काय चुकलं?"

"इंजिन चालू ऐकू येतंय," ते म्हणाले. "ठोकळा काढलास?"

मी फोन पिशवीवर ठेवला आणि खाली उतरलो.