‘सात धर्म, सात गुण’: या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

दर काही महिन्यांनी एक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरून येतो. सोसायटीच्या, तालमीच्या, शाळेतल्या जुन्या बॅचच्या. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: “मुसलमानांकडून एकी घ्या, ख्रिश्चनांकडून सेवा, ज्यूंकडून बुद्धी, जैनांकडून अहिंसा, शिखांकडून शौर्य, बौद्धांकडून शांती आणि हिंदूंकडून सहिष्णुता. सात धर्म, सात गुण. एवढं जमलं तर भांडणं आपोआप मिटतील.” खाली जोडलेले हात आणि फुलं. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून शहरात तणाव झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. ते सुरू झाल्यावर तर हा मेसेज पाठवण्याची चढाओढच लागली होती.

भल्या मनाने पाठवलेल्या मजकुराला कशाला नडायचं, असं एका मित्राचं म्हणणं. नडायचं अशासाठी की हा मेसेज आणि त्याच ग्रुपवर येणारे विखारी मेसेज एकाच साच्यातून निघतात. “त्यांच्यात बघा किती एकी!” हे वाक्य कौतुकातही असतं आणि भीती घालणाऱ्या मजकुरातही, जसंच्या तसं. ‘सेवा’ जरा पुढे सरकली की ‘सेवेच्या नावाखाली’ होते. ज्यूंची बुद्धी चार ओळींत ज्यूंच्या पैशावर येते. हिंदूंची सहिष्णुता तर “म्हणूनच आपण मार खाल्ला” या वाक्याची प्रस्तावना होऊन बसली आहे. अख्ख्या समाजाला एक विशेषण चिकटवलं की ते उलटं करायला वेळ लागत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“मुसलमानांकडून एकी घ्या.” ही एकी नेमकी कुठे दिसली? बागवान, अत्तार, मुल्लाणी, शिकलगार, मणेर, तांबोळी ही सगळी मंडळी आपल्याच भागातली. सोयरीक जुळवताना ही नावं किती आडवी येतात ते त्यांनाच विचारा. मोहरमचं घ्या. कोल्हापुरात पंजे, म्हणजे पिरांची हाताच्या आकाराची प्रतीकं, बसतात, तालमींत बसतात, मोहरमच्या मुख्य दिवसाच्या आदल्या रात्री, खत्तलरात्रीला, पंजांच्या भेटी होतात, आणि पंजापुढे नवस बोलणारा पुष्कळदा हिंदू असतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसतात. कुरुंदवाडला तर काही मशिदींतच गणपती बसतो. उलट पंजे-ताबूत इस्लामला धरून नाहीत असं ठासून सांगणारे मुसलमानही आहेत. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात महिलांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हा त्यांना कडवा विरोध समाजातूनच झाला. एकी असती तर दलवाईही झाले नसते आणि त्यांना विरोधही झाला नसता.

मग वाखाणायचं काय? मी दोन गोष्टी सांगेन, दोन्ही हिशेबाच्या. एक जकात. ठरावीक मर्यादेच्या वरची संपत्ती वर्षभर हाताशी राहिली की तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. मनात आलं तर द्या, अशी ती गोष्टच नाही. ती देणं आहे. दुसरी गोष्ट मुलीचा वारसा. सातव्या शतकात कुराणाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला. तो भावाच्या निम्मा आहे, हे आज खटकायलाच हवं. पण आपल्याकडे हिंदू मुलीला बापाच्या मालमत्तेत हिस्सा द्यायला १९५६ उजाडलं, आणि वडिलोपार्जित मिळकतीत देशभर भावाइतका हक्क मिळायला २००५. कायद्यात हिस्सा आला तरी बहिणीकडून हक्कसोड करून घेण्यात मात्र आपल्या पंचक्रोशीत कुठलाच धर्म मागे नाही. ही एकी त्या मेसेजात बसली असती.

“ख्रिश्चनांकडून सेवा.” आमच्याकडे सेवा म्हटलं की मिरज. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या कित्येक पिढ्यांनी “मिरजेला न्या” एवढंच ऐकलं. ते मिशनचं हॉस्पिटल होतं, तिथे प्रार्थना होत होती, ख्रिस्ताची सुवार्ता सांगितली जात होती. त्यात लपवाछपवी काही नव्हती. सेवा वेगळी आणि श्रद्धा वेगळी, असे दोन कप्पे करतो आपण. वॉनलेस यांच्या लेखी ते एकच काम होतं. सेवेचं कौतुक करताना श्रद्धा गुपचूप बाजूला काढून ठेवायची आणि पुढच्या मेसेजात तीच ‘छुपा हेतू’ म्हणून बाहेर काढायची, हा प्रकार मला पटत नाही.

शिवाय सेवेपलीकडे या धर्मात कौतुकाचं काही नाही का? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या चर्चच्या मंडळींशी सिद्धांतावरून पत्रापत्री वाद घातला. नवा धर्म स्वीकारला म्हणून डोकं गहाण टाकलं नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना छपाईच्या कामाला लावलं. ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले. या दोघांना ‘सेवा’ या एका शब्दात कसं बसवायचं?

ज्यूंच्या बुद्धीचा मुद्दा नोबेलच्या आकड्यांसकट येतो, पण मेसेज लिहिणाऱ्याने कोकणातले बेने इस्रायल ज्यू पाहिलेले नसावेत. शतकानुशतकं घाणा चालवून तेल काढणारी माणसं ही. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवलं शनवार तेली. बाकीच्या ज्यू जगाशी त्यांचा संबंध जवळपास तुटला होता, तरी आठवड्यातला एक दिवस काम करायचं नाही हे त्यांनी सोडलं नाही. पोट हातावर असताना दर शनिवारी घाणा थांबवणं ही साधी गोष्ट नव्हे. पुढे त्यांनी मराठीत कीर्तनंही रचली, बायबलमधली आख्यानं घेऊन.

आणि बुद्धीच म्हणायची तर ती डोक्यात घेऊन कुणी जन्मत नाही, त्यासाठी एक रीत लागते. तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात हिल्लेल आणि शम्माई या दोन पंथांचे वाद आहेत. निर्णय बहुधा हिल्लेलच्या बाजूने लागतो, पण हरलेल्या शम्माईचं मत खोडलेलं नाही. ते शेजारीच लिहून ठेवलंय आणि विद्यार्थ्याला दोन्ही शिकावी लागतात. आपल्या ग्रुपवर विरोधी मत दिसलं की ॲडमिन आधी काढून टाकतो.

जैनांच्या अहिंसेवर आम्ही कोल्हापूरकरांनी अलीकडेच चांगला धडा घेतला. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत वनतारा या प्राणिकेंद्रात नेली. तीस वर्षांहून जास्त काळ ती मठात होती. निरोप देताना गाव रडलं, मग मोर्चे निघाले, आणि त्यांत जैन किती आणि बाकीचे किती हे कुणी मोजलं नाही. आता अहिंसा कोणत्या बाजूला? प्राणिहक्कवाले म्हणत होते, हत्ती साखळीत ठेवणं आणि मिरवणुकीत फिरवणं हीच हिंसा. गावाचं म्हणणं, जिला माणसांची सवय झाली तिला तोडून नेणं ही हिंसा. दोघांच्याही तोंडी शब्द तोच. मला स्वतःला साखळीचा मुद्दा डावलता येत नाही, हे नांदणीच्या पाहुण्यांसमोर बोलायची मात्र माझी छाती नाही. सांगायचं एवढंच की ‘अहिंसा घ्या’ म्हणणाऱ्याला ती घेतल्यावर पुढे काय करायचं ते ठाऊक नसतं. जैन परंपरेकडे अशा वेळी उपयोगी पडणारी दुसरी एक गोष्ट आहे, अनेकांतवाद: कुठल्याही बाजूने पाहिलं तरी वस्तूचा एक भागच दिसतो, म्हणून आपलं विधान ‘या दृष्टीने पाहता’ असं बांधून करावं. ती मेसेजच्या यादीत नाही.

याच मुद्द्याच्या पोटात आणखी एक समज असतो, जैन म्हणजे व्यापारी. शिरोळ-हातकणंगलेकडे एकदा येऊन जा. ऊस आणि भाजीपाला पिकवणारी निम्मी आडनावं पाटील, आणि त्यांतले कितीतरी जैन. कर्मवीर भाऊराव पाटील यांतलेच, जन्म १८८७, कुंभोज. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, म्हणून जैन बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. काढणारे जैन, निघालेलाही जैन. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

शिखांचं शौर्य खोटं नाही, पण त्यांच्याकडची मला मोठी वाटणारी गोष्ट पंगत आहे. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरला आपण अन्नदान समजतो. खरं तर तिथे भुकेल्याइतकाच पोट भरलेलाही बसतो, आणि जमिनीवर, एका ओळीत बसतो. ज्या देशात कुणाशेजारी बसून जेवलात यावरून माणूस वाळीत पडत होता, तिथे गुरूंनी हा नियम लावला. शिवाय गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, शेजारी कबीर, रविदास, शेख फरीद. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं ते याच नात्याने.

“बौद्धांकडून शांती.” या यादीतला मला सर्वांत खटकणारा मुद्दा हा. महाराष्ट्रात बौद्ध म्हणजे कोण हे विसरून लिहिलेला. मार्च १९२० मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला म्हणाले. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षं हा माणूस धर्म वाचत होता, तपासत होता, निरनिराळ्या धर्मांच्या लोकांशी बोलत होता. धर्मांमधलं चांगलं काय, या प्रश्नाचा एवढा कसून अभ्यास करून स्वतः निवड केलेला दुसरा माणूस मला तरी दाखवता येणार नाही. १९५० साली एका लेखात त्यांनी बुद्धाची तुलना येशू, महंमद आणि कृष्णाशी केली: बुद्धाने स्वतःला देवाचा पुत्र किंवा प्रेषित म्हटलं नाही, तो मोक्ष देणारा नाही, मार्ग दाखवणारा आहे. १९५६ मध्ये बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना त्यांनी तीन तत्त्वं मोजली: प्रज्ञा, करुणा, समता. त्यांत शांती नाही. आणि ‘शांती घ्या’ म्हणणारेच, वस्तीवरच्या अन्यायाविरुद्ध कुणी रस्त्यावर आलं की विचारतात, “बुद्ध तर शांतीचा होता ना, मग तुम्ही का ओरडताय?” म्हणजे गुण सांगायचा आणि त्याचाच बोळा तोंडात कोंबायचा.

आता घरचा मुद्दा, सहिष्णुता. एकोणिसावं शतक संपता संपता याच पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानाला गेलेल्या छत्रपती शाहूंसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला, कारण त्याच्या मते ते शूद्र. राजाची ही गत, तर रयतेचं काय विचारता! पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हायला साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ द्यायचं की नाही, यावर २०१६ पर्यंत वाद चालू होता, आणि आत बसलेली देवता बाई आहे. तेव्हा सहिष्णुता हा आपला जन्मजात गुण आहे म्हणून छाती फुगवायला मी तयार नाही. मला अभिमान वाटतो तो या प्रत्येक प्रसंगी आतूनच उठलेल्या माणसांचा. चोखोबांनी देवालाच जाब विचारला, तुकोबांनी दांभिकांना झोडपलं, शाहूंनी या वेदोक्त प्रकरणानंतर १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासांसाठी निम्म्या जागा राखल्या. यांतला कुणी सहिष्णू म्हणून गप्प बसला नाही.

राहिलं शेवटचं वाक्य, “भांडणं आपोआप मिटतील.” सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचला. त्यात दोघं एकमेकांचे गुण मोजत नाहीत. तुझा देव असा कसा, तुझे विधी असे कसे, म्हणून एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात, सडेतोड उत्तरं देतात, आणि सगळं बोलून झाल्यावर मिठी मारतात. नाथांनी ‘आपोआप’ काही होऊ दिलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, शाहू महाराजांनी तरी काय केलं? दसरा चौकाच्या आसपास जातीधर्मवार बोर्डिंगंच काढली ना? मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, ख्रिश्चन, अस्पृश्य, ज्याची त्याची वेगळी. हो, वेगळीच काढली, आणि त्याबद्दल आजही वाद घालता येईल. पण महाराजांनी त्यांना विशेषणं वाटली नाहीत. जागा दिल्या, इमारती दिल्या, मुलांची फी आणि जेवणाची सोय पाहिली. मुसलमानांत शिक्षणसंस्था उभी राहीना, तेव्हा १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. कुराण मराठीत यावं म्हणून भाषांतराला दरबारातून पैसे दिले, म्हणजे ज्याला त्या धर्माबद्दल काही म्हणायचं आहे त्याला आधी वाचता तरी यावं.