जंत, दप्तर की नाटकं? मुलांच्या दुखण्याबद्दलचा तो मेसेज चुकीचाच आहे

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "मूल सारखं पोट, पाठ, डोकं दुखतंय म्हणतं? कारणं तीनच. जंत, जड दप्तर, नाहीतर शाळा बुडवायची नाटकं. गोळी द्या, दप्तर हलकं करा, बाकी कानाडोळा करा."

आधी जंत. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी द्याच. दोन वर्षांपुढच्यांना 400 मिलिग्रॅम, चावून. पण ती घेऊनही महिनोन्महिने बेंबीभोवती दुखत असेल, तर गोळ्यांचा मारा करू नका, शौचाची चौकशी करा. सकाळची शाळा, घाईत चहा-खारी, शाळेतलं संडास घाण म्हणून मूल दिवसभर पाणी पीत नाही आणि शी दाबून धरतं. मग खडा होतो, आतडं ताणतं, पोट दुखतं. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, किंवा रोज होऊनही कडक आणि दुखत होत असेल, तर बद्धकोष्ठाचा संशय घ्या. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. खूप साठलं असेल तर नुसत्या भाजी-पाण्यानं भागत नाही. डॉक्टर औषध बरेचदा काही महिने देतात. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद केलं की दुखणं उलटतं.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत असावं, असं 2020 चं केंद्राचं धोरण सांगतं. 30 किलोच्या मुलाला 3 किलो. हे पाळावंच. मात्र दप्तरामुळे पाठदुखी जडते याला अभ्यासांत भक्कम आधार मिळालेला नाही. अपुरी झोप, चिंता, उदासी, वर्गातला छळ, शरीरात दुसरीकडे आधीपासून दुखणं, आई किंवा वडिलांचं जुनाट दुखणं, यांच्याशी मात्र मुलांच्या वारंवार दुखण्याचा संबंध दिसतो. वयात येताना मुलींमध्ये प्रमाण वाढतं.

डोकं दुखत असेल तर झोप मोजा: 6 ते 12 वर्षांना 9 ते 12 तास, पुढे 8 ते 10. उन्हाळ्यात पाणी वाढवा. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस वेदनाशामक गोळ्या चालू राहिल्या, तर त्यांनीच डोकेदुखी टिकून राहू शकते.

"नाटकं" हा मुद्दा सगळ्यात घातक. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. अशा मुलांत आतड्याकडून मेंदूकडे जाणारे संदेश जास्त तीव्र झालेले असतात. नेहमीचा गॅससुद्धा कळ आणतो. सुट्टीत बरं वाटतं, कारण ताण उतरतो. मात्र तासातासाला "दुखतंय का?" विचारू नका, त्यानं लक्ष दुखण्यावरच खिळतं. एकदा नीट ऐका, मान्य करा, मग कामात किंवा खेळात गुंतवा. शाळा शक्यतो चुकवू नका. जितके दिवस घरी, तितकं परतणं जड.

वजन घटणं, ताप, शौचात रक्त, हिरवी उलटी, झोपेतून उठवणारी कळ, एकाच पायात दुखून लंगडणं, सकाळी उलटीसह डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवा आणि लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिरवी उलटी असेल तर त्याच तासाला.