माझ्याकडे तर नीट दिसतंय

लग्नपत्रिकेचा मजकूर कसा असावा हे सांगायला आपल्याकडे घरटी दोन जाणकार असतात. पण चार हजार ओळींची टेक्स्ट फाईल समोरच्याच्या गळ्यात कशी मारावी, हे ज्याचं त्याला शिकावं लागतं. गेल्या सोमवारी रात्री पावणेदहाला माझ्या व्हॉट्सॲपवर तुमच्या लोकल-प्रवाशांच्या सर्वेक्षणाची अशी एक फाईल येऊन पडली. नाव, 'सर्व्हे फायनल नवीन (३)'. बुधवारी रात्रीपर्यंत तिच्यासोबत संसार केल्यावर माझी खात्री पटली की या कलेत तुम्ही सगळे फार पुढे गेला आहात. तरी नवशिके कुणी उरले असतील, तर त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, रकाने स्पेसबारनेच पाडावेत. कीबोर्डवर डाव्या हाताला टॅब नावाचं एक बटण असतं, त्याच्या वाटेला जाऊ नये. स्वल्पविराम तर नकोच. स्पेसबार कसा ऐसपैस, अंगठ्याखाली आयता. दादरपुढे नऊ वेळा दाबा, लोअर परळपुढे चार वेळा, रकाना डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत दाबत राहा. अधूनमधून एखाद्या ओळीत टॅबही टाका, चव येते. वेबपेजवरून उचललेला मजकूर असेल तर फारच उत्तम, कारण त्यात १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस असते. ती दिसते स्पेससारखी आणि वागते सासूसारखी.

आता ही फाईल पलीकडे उघडते तेव्हा काय मजा होते ते ऐका. उपनगरी स्टेशनांवर प्रवाशांना विचारलं होतं, लोकलची वाट किती वेळ बघता? प्रत्येक ओळीत पाच गोष्टी : अनुक्रमांक, स्टेशन, वय, तिकीट, मिनिटं. स्टेशनं चर्चगेटपासून क्रमाने. चर्चगेट, एक शब्द. मरीन लाइन्स, दोन. चर्नी रोड, दोन. ग्रँट रोड, दोन. मुंबई सेंट्रल, दोन. मी वापरते ते 'आर' हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर बिचारं पहिल्या पाच ओळी बघतं आणि त्यावरून ठरवतं की या घरात रकाने किती. त्याने मोजले, सहा. मग पहिल्याच ओळीवर अडलं : ओळ १ मध्ये ६ घटक नाहीत. बरोबरच आहे, चर्चगेटमध्ये पाचच होते.

अशा वेळी आम्ही लोक 'फिल'चा पर्याय चालू करतो, म्हणजे कमी पडेल तिथे रिकामी जागा भरून घे आणि पुढे चल. ते गेलं पुढे. मरीन लाइन्सच्या प्रवाशाचं वय आलं 'लाइन्स'. ग्रँट रोडच्या बाईंचं वय 'रोड'. इथवर ठीक, निदान दिसतंय तरी. पण दोनशे चौदाव्या ओळीत कुणीतरी भक्तिभावाने पूर्ण लिहिलं होतं : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. चार शब्द. पुढे ५२, पास, २०. एकूण आठ तुकडे आणि रकाने सहा. उरलेल्या दोन तुकड्यांचं आरने काय केलं असेल? खाली नवीन ओळ काढून दिली. माझ्या सर्वेक्षणात एक नवीन प्रवासी जन्माला आला, ज्याचा अनुक्रमांक 'पास' आणि स्टेशन '२०'. ना एरर, ना वॉर्निंग. टर्मिनस पूर्ण लिहिणारा जितक्या वेळा भेटला, तितकी ही मंडळी वाढत गेली. आणि तोच माणूस कंटाळला की पुढच्या ओळींत तेच स्टेशन सीएसएमटी, मग सीएसटी, आणि एके ठिकाणी सरळ व्हीटी. प्रभादेवीचंही तसंच, २०१८ साली नाव बदललं तरी निम्म्या ओळींत एल्फिन्स्टन रोड. म्हणजे एक शब्द आणि दोन शब्द, एकच स्टेशन.

मी सर्वेक्षणाच्या समन्वयक साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे तर नीट दिसतंय." आणि स्क्रीनशॉट पाठवला.

खरंच नीट दिसत होतं.

तर दुसरी गोष्ट, हे वाक्य पाठ करून ठेवा. याला उत्तर नाही.

तिसरी गोष्ट, फाईलच्या डोक्यावर तीन ओळींत संस्थेचं नाव, प्रकल्पाचं नाव आणि 'दिनांक :' लिहून पुढे काहीच लिहू नका. तळाला 'एकूण' टाका. एकूण हाही एक प्रवासीच.

माहिती नसेल तिथे जागा रिकामी सोडणं असभ्यपणाचं आहे. कधी 'निरंक' लिहा, कधी डॅश, कधी 'ला. ना.' (लागू नाही), कधी शून्य, आणि वरच्या ओळीसारखंच असेल तर दोन टिंबं दोन रेघा, वरीलप्रमाणे. वयाच्या रकान्यात ९९९ हा खास मान. शंभर माणसांत पाच जणांनी वय सांगितलं नाही आणि बाकी पंच्याण्णव जणांचं सरासरी वय ३५ असलं, तर पाच ९९९ मिळून सरासरी ८३ वर जाते. लोकलची गर्दी ज्येष्ठ नागरिकांमुळे होते, हे मग आपोआप सिद्ध होतं.

आकडे काही ओळींत मराठी आणि काही ओळींत इंग्रजी ठेवावेत. मराठीचा अभिमान. सॉफ्टवेअर मराठी आकड्यांना मजकूर समजतं, हा त्याचा करंटेपणा.

लाखाचे स्वल्पविराम विसरू नका. १,२५,००० हे एक उत्पन्न आहे की तीन, हे ओळखण्यातच तर आमची हुशारी.

पत्ता घेताना 'फ्लॅट नं. ४, बी विंग, अमुक सोसायटी, तमुक हॉलसमोर, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, बोरिवली, पश्चिम' असा सविस्तर घ्या आणि स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या फाईलमध्ये, म्हणजे सीएसव्हीत, अवतरणचिन्हांशिवाय घाला. मजकुरात स्वल्पविराम असला तर तो मजकूर दुहेरी अवतरणात ठेवावा, हे २००५ साली आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात लिहून ठेवलंय. पण अशी टिपणं वाचणारी माणसं तुमच्या ऑफिसात नसतात, ती माझ्यासारखी रात्री दीडला चहा करत असतात.

प्रगणकांच्या, म्हणजे फॉर्म भरून आणणाऱ्यांच्या, यादीत वांद्र्याचे एखादे डी'सूझा जरूर असावेत. मागच्या महिन्यातली गोष्ट, फाईल टॅबने रकाने पाडलेली होती, मी खूश. पण फाईल वाचायची आरची रीड-टेबल ही आज्ञा एकेरी टिंबालाही अवतरणचिन्ह मानते. डी'सूझांच्या डोक्यावरच्या त्या टिंबापाशी अवतरण सुरू झालं आणि पुढचा डी'मेलो भेटेपर्यंत संपलं नाही. मधली सत्तर-ऐंशी माणसं एका चौकोनात गडप. यात डी'सूझांचा काय दोष? अवतरण बंद करायला मला दोन अक्षरं टाइप करावी लागली, पण ती कुठे टाकायची हे कळायला एक अख्खा रविवार गेला.

आणि लेडीज डबा. तिथे फक्त बायका, म्हणून लिंगाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच अक्षर, एफ, फीमेलचा. आरने रकाना बघितला, नुसते एफ दिसले, त्याने ठरवलं हा हो-नाहीचा रकाना, एफ म्हणजे फॉल्स. विरार फास्टमधल्या धक्के खात उभ्या असलेल्या समस्त बायका असत्य. (काही जणांना हे आधीपासून माहीत होतं म्हणे.)

पाचवी की नववी, मोजणं सोडलं मी. पाठवण्याआधी फाईल एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करा. काही बदलायचं नसलं तरी करा. चाळीतला खोली क्रमांक ५/१२ असेल, तर एक्सेल प्रेमाने त्याची तारीख करून देतं. १२ आकडी आधार क्रमांक असेल, तर १.२३ आणि पुढे ई अधिक ११ असा आटोपशीर होतो आणि सीएसव्ही केल्यावर मूळ आकडे कायमचे जातात. (लोकलची वाट बघण्याच्या सर्वेक्षणात आधार क्रमांक कशाला हवा होता, हा वेगळा लेख होईल.) एक्सेलपुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत. 'मार्च १', 'सेप्ट २' अशी मानवी जनुकांची नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. शेवटी २०२० साली शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरले जात होते. त्या साच्यात ६५,५३६ ओळी मावतात, पुढच्या मावत नाहीत आणि तो तसं सांगतही नाही. १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर आकडेवारीत आल्याच नाहीत, त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. तेव्हाही कुणाच्या तरी स्क्रीनवर नीटच दिसत असणार.

मराठी मजकूर असेल तर तो जुन्या फाँटमध्ये टाइप करा. युनिकोडमध्ये असेल तर सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडा आणि सेव्ह करा. एकेका मराठी अक्षराचे तीन-तीन बाइट सुटे होऊन ओळीने बसतात. 'मुलुंड' असं काही फ्रेंच दिसू लागतं की पॅरिसला गेल्यासारखं वाटतं.

फाईल टेक्स्टमध्ये मागितली तर पीडीएफ द्या. पीडीएफ मागितली तर फोटो.

साठच्या दशकात आस्की ही अक्षरांची यादी ठरवणाऱ्यांनी तुकडे, नोंदी, गट आणि फाईली वेगळ्या करायला खास चार चिन्हं राखून ठेवली होती, २८ ते ३१ क्रमांकांची. ती कुणाच्या नावात येत नाहीत, पत्त्यात येत नाहीत, चाळीच्या खोलीत येत नाहीत. इतकी वर्षं झाली, तशीच घडी न मोडता पडून आहेत, आणि आपण स्पेसबार बडवतोय. नऊ वेळा. चार वेळा. अरे, कशासाठी? कुणाला दाखवायचं होतं ते सरळ दिसणं? ती फाईल वाचायला कुणी माणूस बसणार नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं. मी दोनदा सांगितलं होतं, जून महिन्यात, बैठकीत, फळ्यावर लिहून. स्टेशनला नाव नको, कोड द्या. दोन रकान्यांमध्ये एकच टॅब. माना डोलावल्यात तुम्ही. समोसे खाल्लेत.

आता सोमवारी रात्री काय झालं ते सांगते. 'फिल' करून फाईल आत आली, मिनिटांचा रकाना म्हणून मी पाचवा रकाना घेतला, त्याचे आकडे केले, सरासरी काढली. आकडा आला, बऱ्यापैकी शहाणा दिसणारा आकडा. वॉर्निंग आली होती, काही नोंदी आकड्यांत बदलता आल्या नाहीत म्हणून. ती मला रोज दिसते, म्हणून मी बघितली नाही. एक वाजता ईमेल लिहून झाला होता. मग सहज स्टेशननुसार मोजलं, तर लोअर परळ नाहीच. मुंबई सेंट्रल नाही. चर्नी रोड, माटुंगा रोड, खार रोड, विले पार्ले, कुणीच नाही. ज्यांच्या नावात दोन शब्द होते त्यांची मिनिटं सहाव्या रकान्यात होती आणि पाचव्यात 'पास' आणि 'रिटर्न'. माझी सरासरी फक्त दादर, वांद्रे, अंधेरी असल्या एकशब्दी स्टेशनांची होती. मी तो ईमेल पाठवला असता तर तुमच्या अहवालात तोच आकडा छापला असतात तुम्ही, आणि कुणालाही, कधीही, कळलं नसतं.

एरर आली की मी शिव्या देते आणि दुरुस्त करते, तिचा मला राग नाही. हे असं गुपचूप सरकणं, याचा आहे.

दोन रात्री मी एकेक ओळ आख्खी वाचून मागून मोजत बसले. शेवटून पहिला तुकडा मिनिटं, दुसरा तिकीट, तिसरा वय, उरेल ते स्टेशन. जमलं बहुतेक. मग 'रिटर्न तिकीट' असं दोन शब्दांत लिहिणारा एक महाभाग निघाला आणि त्याच्या ओळी हाताने केल्या. एकशे बारा.

संध्याकाळी सहाच्या गर्दीत लोअर परळच्या पुलाखाली उभ्या राहून तुमच्या मुली माणसांना थांबवत होत्या. पावसात. फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. एका मुलीने तर उत्तर न देणाऱ्याची वेळही समासात लिहून ठेवली होती. त्यांनी आणलेलं तुम्ही ऑफिसात एसीत बसून स्पेसबारने विस्कटलंत, आणि वर मला सांगता नीट दिसतंय. लाज वाटायला हवी. सोप्या मराठीत सांगते, उपरोध वगैरे बाजूला ठेवून : हे आळशीपणाचं काम आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही घेतलेत.

मूळ फॉर्म कुठे आहेत ते मला माहीत आहे, तुमच्या जिन्याखालच्या कपाटात. शनिवारी अकरा वाजता मी येते आहे. किल्ली काढून ठेवा. आणि माझ्यासमोर फाईल उघडून 'हे बघा मॅडम' म्हणू नका.