काचेपलीकडची सिस्टर

ठाण्याच्या मनोरुग्णालयावरून आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा वाद पेटला आहे. त्या जागेवर रेल्वे स्टेशन हवं की नको, नवी इमारत केवढी, खाटा किती. मी ठाण्याचीच, सध्या इंग्लंडमध्ये मानसोपचार वॉर्डात नर्स. मला मात्र विचारायचंय, त्या खाटेवरच्या माणसाशी दिवसभरात बोलतं कोण?

इथे इमारतीला नाव ठेवायला जागा नाही. प्रत्येक पेशंटला वेगळी खोली. पण आमचं ऑफिस काचेचं, आणि आत आम्ही कॉम्प्युटरवर नोंदी भरत बसलेल्या. मध्यंतरी एक आजोबा काचेवर टकटक करत उभे होते. ‘दोन मिनिटं’ अशी मी खूण केली. बाहेर आले तोवर ते निघून गेले होते. संध्याकाळी पाहिलं, मुठीत शर्टाचं तुटलेलं बटण होतं. दिवसभर तसंच धरून ठेवलेलं.

यावर इथे ‘सेफवॉर्ड्स’ ही, वॉर्डातला स्टाफ-पेशंटमधला ताण कमी करायची पद्धत वापरतात. लंडन परिसरातल्या १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत तिची चाचणी झाली, तेव्हा भांडणतंटा, स्वतःला इजा करणं, पळून जाणं असे प्रसंग १५ टक्क्यांनी घटले आणि पेशंटला धरून ठेवणं, कोंडणं असे उपाय २६ टक्क्यांनी. त्यातली एक गोष्ट म्हणजे स्टाफ आणि पेशंट, दोघांनीही आपल्या आवडीनिवडी एकमेकांना सांगायच्या. मी आमटी-भात लिहिलं. आता आजोबा रोज विचारतात, आज केलीस का?

आपल्याकडे हे शिकवावं लागत नव्हतं. मी शिकले त्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात नातेवाईक सोबत राहायचे. एकीची आई शेजारच्या खाटेवरच्या मुलीलाही भाकरी वाढायची. वॉर्डबॉय मामा, आया मावशी. हाक मारायला कुणी बिचकत नसे.

पण त्याच वॉर्डात साठीच्या माणसालाही ‘ए, बस तिथे’ म्हणत. मीही म्हटलंय, आणि त्याची मला आजही लाज वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला स्वतःचे कपडे घालायचा हक्क दिला, सक्तीने डोकं भादरायला बंदी केली. फार मोठं काम झालं. ‘अहो’ म्हणायला मात्र कायदा लागू नये. खाटांच्या हिशेबात माणसांचाही हिशेब धरा: किती सिस्टर, किती मावश्या, आणि त्यांना पेशंटजवळ बसायला किती वेळ.

तिथे एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना अरे-तुरे करत, एक मावशी सोडून. ‘मास्तर, चहा घेता ना?’ असं तिने विचारलं की ते उठून, बटणं लावून बसायचे. गोळ्याही तिच्याच हातून घ्यायचे.