टूवूम्बाला विचारलं, पण कधी?

दुष्काळाच्या बातम्या सुरू झाल्या की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो: ‘ऑस्ट्रेलियात टूवूम्बाच्या लोकांना विचारलं, तर त्यांनी शुद्ध केलेलं सांडपाणी प्यायला साफ नकार दिला. किळस एकदा बसली की जात नाही. तेव्हा विचारत बसू नका, आधी प्रकल्प उभा करा.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची तेवढीही नाहीत.

‘लोकांना विचारलं.’ कधी विचारलं ते बघा. नगर परिषदेने जुलै २००५ मध्ये योजना जाहीर केली ती ठरवूनच: सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया करायची आणि ते कूबी धरणात सोडायचं. लोकांशी बोलायचं काम त्यानंतर, तीन वर्षं चालायचं होतं. पण केंद्र सरकारने अनुदानासाठी सार्वमताची अट घातली आणि हे बोलण्याचं काम काही महिन्यांत उरकावं लागलं. विरोधकांच्या सह्यांची मोहीम तोवर गावभर फिरून झाली होती. २९ जुलै २००६ ला सुमारे ६२ टक्के मतं ‘नाही’ला पडली. मांडव घालून झाल्यावर मुलीला ‘पसंत आहे ना?’ विचारावं, तसलं हे विचारणं.

शिवाय त्या ६२ टक्क्यांना अडाणी म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. शहराला लोक ‘पूवूम्बा’ म्हणतील (इंग्रजीत ‘पू’ म्हणजे विष्ठा), घरांचे भाव पडतील, या भीत्या पाण्याच्या शुद्धतेबद्दल नव्हत्याच. धरणात ठरवून असं पाणी सोडून ते पिणारं एकही शहर तेव्हा ऑस्ट्रेलियात नव्हतं. मग ‘सुरुवात आमच्यापासूनच का?’ या प्रश्नाला प्रयोगशाळेचा अहवाल काय उत्तर देणार?

‘विचारू नका, बांधा.’ हा प्रयोग शेजारीच, ब्रिस्बेन परिसरात झाला आहे. फॉरवर्ड करणारे तो सांगत नाहीत. जानेवारी २००७ मध्ये क्वीन्सलंड राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, पीटर बीटी यांनी तिथल्या अशाच योजनेवर ठरलेलं मतदान रद्द केलं. आता पर्यायच उरला नाही, म्हणाले. सुमारे अडीच अब्ज डॉलर खर्चून शुद्धीकरण केंद्रं आणि जलवाहिन्या उभ्या राहिल्या. मग पाऊस झाला, धरणं वर आली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये नव्या प्रीमियर ॲना ब्लाय यांनी जाहीर केलं की धरणसाठा ४० टक्क्यांखाली गेला तरच हे पाणी पिण्यासाठी वापरू. पाणी गेलं वीजकेंद्रांना. पुढे शुद्धीकरण केंद्रंही बंद ठेवावी लागली. जे पाणी गळी उतरवायचं म्हणून मतदान टाळलं, ते धरणात गेलंच नाही. आणि टूवूम्बाला शेवटी जलवाहिनी मिळाली ती वायव्हेनहो धरणातून. ब्रिस्बेनचं शुद्ध केलेलं पाणी ज्यात सोडायचं ठरलं होतं, तेच हे धरण!

‘किळस जात नाही.’ कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोने १९९९ मध्ये अशीच योजना गुंडाळली. ‘टॉयलेट टू टॅप’ (संडासातून थेट नळात) या तीन शब्दांनी तिचा निकाल लावला होता. २००४ च्या पाहणीत जेमतेम पाव लोक अनुकूल होते, २०१२ मध्ये जवळपास पाऊण. मधल्या काळात एक छोटं प्रात्यक्षिक केंद्र उभं राहिलं आणि ते लोकांना आत नेऊन दाखवलं गेलं. २०१४ मध्ये नगर परिषदेने योजना एकमताने मंजूर केली. सगळं श्रेय त्या केंद्राला देता येणार नाही, टंचाईनेही माणसं वळतात. पण ‘जात नाही’ हे काही खरं नाही.

शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्यासाठी वापरणाऱ्या सिंगापूरचं उदाहरण मी मुद्दाम घेत नाही. तिथे प्रचार उत्तम झाला; त्याला सल्लामसलत म्हणणं मला जड जातं.

राहता राहिली आपल्याकडची गोष्ट. पुणे-पिंपरीचं सांडपाणी, थोडं प्रक्रिया केलेलं, थोडं तसंच, नदीवाटे उजनीत उतरतं आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. तिथे ‘विचारू नका’ केव्हापासूनच अमलात आहे, तेही मधलं प्रगत शुद्धीकरण वगळून.