ॲड-ऑन कार्ड आणि मुलीचा सिबिल : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘ॲड-ऑन कार्डावर मुलीचा सिबिल होईलच असं नाही, हे लिहून तुम्ही लोकांना उगाच घाबरवताय, अमेरिकेत माझ्या पुतण्याचा स्कोअर वडिलांच्या कार्डावरच तयार झाला,’ असं तुम्ही लिहिलंत. (ॲड-ऑन म्हणजे आपल्या क्रेडिट कार्डावर घरच्या माणसासाठी मिळणारं जादा कार्ड, आणि सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा स्कोअर.) पुतण्याचं खरंच आहे. पण तुमची मुलगी पुढच्या वर्षी शैक्षणिक कर्ज मागणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तिकडे वडिलांच्या कार्डावर ‘ऑथराइज्ड युजर’ (कार्ड वापरायची परवानगी असलेला) म्हणून नाव चढलं की सहसा ते खातं मुलाच्या क्रेडिट अहवालातही दिसतं, अगदी जुन्या वर्षांसकट. तिथल्या 1974 च्या समान कर्जसंधी कायद्याखालच्या नियमांनी नवऱ्याच्या खात्याची नोंद ते वापरणाऱ्या बायकोच्याही नावे गेली पाहिजे, असं ठरवलं. पुढे अनोळखी लोकांना पैसे घेऊन कार्डावर जागा विकायचा धंदा सुरू झाला, तरी 2008 मध्ये तिथे स्कोअर काढणाऱ्या फायको कंपनीला असे युजर हिशोबातून वगळता आले नाहीत.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ॲड-ऑन कार्डाची सगळी देणेदारी मूळ कार्डधारकाची, म्हणजे तुमची. सिबिलच्या अहवालात ‘ऑथराइज्ड युजर’ असा प्रकार आहे, हे मान्य. पण रकाना आहे म्हणून बँक तो भरतेच असं नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या ओळखीच्या एका ताईंना मिरची कांडायचा डंक टाकायचा होता, त्यासाठी त्या कर्ज मागायला बँकेत गेल्या. नवऱ्याच्या कार्डाचं ॲड-ऑन त्या कित्येक वर्षं वापरत होत्या, एकही बिल चुकलेलं नव्हतं. बँकेतल्या माणसाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली: स्कोअरच्या जागी ‘एनएच’, म्हणजे इतिहासच नाही. घरखर्च इतक्या चोख सांभाळणाऱ्या बाईला कर्जाच्या दारात कोरी पाटी घेऊन उभं राहावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो. म्हणूनच मी हा विषय पुन्हा पुन्हा काढते.

आता तुमच्याच कार्डाचं बघा. लिमिट एक लाख. दुकानाचा खर्च बावीस हजार, त्यात मुलीने क्लासची फी पंचेचाळीस हजार भरली. स्टेटमेंटच्या दिवशी सदुसष्ट टक्के लिमिट वापरलेलं दिसणार. तुम्ही बिल वेळेवर पूर्ण भराल, तरी त्याआधीच बँकेने हा आकडा सिबिलला कळवलेला असू शकतो. वापर तीस टक्क्यांच्या आत असावा असं सांगतात ते याचसाठी. शैक्षणिक कर्जात सहकर्जदार तुम्हीच असणार ना? मग तिचा इतिहास घडवायला घेतलेलं कार्ड ऐन अर्जाच्या वेळी तुमचाच स्कोअर खाली ओढू शकेल. फी त्याच कार्डावर भरायची असेल, तर स्टेटमेंट निघण्याआधीच तेवढी रक्कम भरून टाका.

माझ्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या क्रेडिट अहवाल बनवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम आहे. मुलीच्या पॅनवर तो काढा आणि तुमचं कार्ड त्यात आहे का ते बघा. नसेल, तर ॲड-ऑन अडीअडचणीपुरतं राहू द्या. तिला अठरा वर्षं पूर्ण आहेत, तेव्हा तिच्या नावे वीस-पंचवीस हजारांची मुदत ठेव करून त्यावर तिचंच कार्ड घ्या. त्याला पगाराची स्लिप सहसा मागत नाहीत. महिन्याचा मोबाइल रिचार्ज आणि पेट्रोल एवढंच त्यावर टाका, बिल पूर्ण भरा. ‘मिनिमम ड्यू’च्या, म्हणजे बिलातली फक्त किमान रक्कम भरायच्या, वाटेला जाऊच नका. कर्जाच्या अर्जाला अजून वर्ष आहे, त्यामुळे हे याच महिन्यात करा.